पुन्हा रुजलेल्या प्लीहेची व्यवस्था

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, दुकानाच्याच वर दोन खोल्यांत राहणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शरीर मात्र पूर्ण नाही. त्याचा खुलासा तिसऱ्या कलमात.

१. दोन्ही खोल्या व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. दुकान व हत्यारं माझ्या कारागिराला. पेचकस दातांत धरायची खोड त्याने आता तरी सोडावी.

२. आरामखुर्ची धाकट्या भावाला. "प्लीहा काढल्यापासून दादाचं डोकं चालत नाही," असं तो चारचौघांत सांगत आला. खुर्चीत निवांत बसून प्लीहा नेमकी कुठे असते ते त्याने शोधावं.

३. जिन्यावरून पडलो तेव्हा डाव्या बरगड्यांखालची माझी प्लीहा फुटली व सर्जनसाहेबांनी ती काढून टाकली. शुद्धीवर आल्यावर मी ती बघायला मागितली. "आता काय तिचं लोणचं घालणार?" म्हणाले. मशीन जोडल्यावर एखादा भाग ताटलीत उरला आणि तरीही ते चाललं, तर मला झोप लागत नाही. इथे तर मीच चालत होतो!

बऱ्याच वर्षांनी पोटाची तपासणी करताना डॉक्टरीणबाई थबकल्या. फुटताना सांडलेले कण आतड्यांच्या आवरणावर रुजून वाढले होते. वाटाण्याएवढ्या कितीतरी प्लीहा! कोणी सांगितलं त्यांना रुजायला? काम करतात की नुसत्याच बसून आहेत?

"थोडंफार करत असतील," बाई म्हणाल्या. "उघडल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार."

म्हणून माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मुलगी ऐकत नाही. "एकदा कापलं तेवढं पुरे झालं, बाबा," म्हणते. ऑपरेशनच्या वेळी ती लहान होती, एकटी बाहेर बाकावर रडत बसली होती. देह पोचवणं तिच्याच हाती आहे. तिने नाही म्हटलं तर हा कागद काही करू शकणार नाही.

अट घालत नाही. घर तिचंच आहे. पण पोरी, तेव्हा मीही घाबरलो होतो. या वेळी मला काही दुखणार नाही. उत्तर ऐकायला मी नसेन, याचंच फार वाईट वाटतं. माझ्याऐवजी तू विचारशील?

वरील मजकूर स्वतः लिहून, दोनदा वाचून सही केली.

स्थळ: दुकानातील कामाचं टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

समासात, मुलीच्या अक्षरात:
वाचलं. विचारून येईन, बाबा. पण इतक्यात नको.