वास मागच्या बाकापर्यंत

सर, आज दुपारी मी स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेल्या बादलीत काचेचा पेला उपडा बुडवला. त्याच्या तळाशी चुरगाळलेला कागद घट्ट बसवला होता. पेला सरळ वर काढला, तर कागद कोरडा. गारखेड्यातल्या या घरात माझ्याशिवाय कुणी राहत नाही, तरी मी मोठ्यानं म्हणाले, "बघा, भिजला का?" वर्तमानपत्रातली नोकरी संपून काही वर्षं झाली, पण मुलांचं पान अजून माझ्याकडं येतं. या वेळी सहावी-सातवीसाठी पदार्थविज्ञानाचे चार सोपे प्रयोग हवे होते, आज संध्याकाळपर्यंत. करून पाहिल्याशिवाय सांगायचं नाही, ही सवय तुमची.

तुम्ही स्वतः उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि तुमच्या हातातले शब्दच गेले. स्थायू, द्रव, बाष्पीभवन हे तुम्ही आमच्याच पुस्तकातून, आमच्याबरोबर शिकत होता. म्हणून बोलणं कमी केलंत आणि करून दाखवायला लागलात. काठोकाठ भरलेल्या पेल्यात चिमूट चिमूट मीठ सोडायचात, आणि पाणी सांडलं नाही की नुसतं आमच्याकडं बघायचात.

अत्तराचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो. खिडक्या लावलेल्या आहेत. तुम्ही फळ्याजवळ कुपी घेऊन उभे आहात. "डोळे मिटा. वास आला की हात वर. आधी नाय, नंतर नाय." आम्हा मागच्या बाकावरच्या मुलींनाच तेवढी डोळे उघडे ठेवायची परवानगी आहे, बघायला. कुपी उघडायच्या आधीच पहिल्या बाकावरचा एक हात वर जातो. "काय रे, नाक पुढं पाठवलं होतं का?" वर्ग हसतो. मला राहवत नाही, मी उठून सांगते, "सर, वास सगळीकडं पसरतो."

"तुला आला?"

"नाही. पुस्तकात आहे."

"किताबला नाक हाय का गं? बस खाली."

मी चिडून बसते. मग हात वर जायला लागतात. पहिली रांग, दुसरी, मधली, एकेक करत. न दिसणारं काहीतरी वर्गातून चालत येतंय आणि ते मला हातांवरून दिसतंय. शेवटी माझाही हात वर जातो. तुम्ही मान हलवता, बस्स.

तास सुटल्यावर मी विचारलं होतं, "सर, घरी हा प्रयोग कसा करून बघता?" तुम्ही कुपीचं बूच दाबत म्हणालात, "घरी नाय होत, बेटा. भाऊ हैदराबादला गेले, अम्मी राहिली नाय. मीच कुपी उघडायची, मलाच वास यायचा. त्यात पसरलेलं काय दिसणार?" आणि हसलात. मला ते विज्ञानाचं उत्तर वाटलं होतं.

मीठ झालं, पेला झाला, फुग्याचं वजन करून झालं. राहिलं अत्तर. शहागंजातून आणलेली कुपी बाहेरच्या खोलीत उघडी ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. वास आला. बाकी काही झालं नाही.

मग कुपी घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथं दोन मुलं आहेत, अगदी याच वयाची. त्यांच्या आईशी माझं जिन्यात "जेवण झालं का?" एवढंच बोलणं. दारामागं मुलं कशावरून तरी खिदळत होती. घंटेवर बोट ठेवलं, पण काय म्हणणार होते मी? दोघांना घटकाभर माझ्याकडं बसायला पाठवता का, असं? बोट काढून वर आले.

तीनच प्रयोग पाठवले. मघाशी वर्तमानपत्रात पान लावणाऱ्या मुलाचा फोन आला. "मॅडम, चौथा कुठंय?"

"जागेत बसत नव्हता," मी म्हणाले.

हे कुठं छापायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, सर. जागा भरपूर होती.