भाऊजींची मान

ती. भाऊजींना शिरसाष्टांग नमस्कार.

तब्येत ठीक ना? (एरवी हे सवयीने लिहितो, आज खरंच विचारतोय.) ताईचे गुडघे काय म्हणतात?

माझं मात्र कशात लक्ष लागेना. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की काय करायचं ते आठवत नाही. सगळं तुमच्या मानेपायी! "मुलं वर्गात येत नसतील तर तुम्ही त्यांच्या मोबाइलमध्ये जा," असं आमच्या मेडिकल कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी फर्मावलं आणि मी ब्लॉग काढला. पहिलाच व्हिडिओ, ‘निरोगी मान कशी तपासावी’. हात माझे, मान तुमची. तुम्ही नवाकोरा शर्ट घालून आलात आणि इस्त्री मोडेल म्हणून वरचं बटण काढू देईनात. गिळताना मान कशी हलते ते दाखवायला पाण्याचा एक घोट घ्या म्हटलं, तर अख्खा पेला रिचवलात! मीही कॅमेऱ्यात बघून छातीठोकपणे सांगितलं, ही बघा निरोगी मान. (बघायला हवं होतं मानेकडे, पण माझा भांग नीट दिसतोय का याची काळजी होती.)

आणि मग खाली पोरांच्या प्रतिक्रिया! सर, गाठ काय सुरेख दिसतेय. सर, असा पेशंट मिळवलात कुठून? मी तावातावाने लिहिलं, अहो पेशंट कसले, आमचे भाऊजी आहेत ते! त्यावर सगळ्यांनी दात काढले. कॉलरची सावली आहे म्हणालो, दिव्याचा दोष म्हणालो, भाऊजींचा कंठच मुळात दणकट आहे असंही म्हणालो. कुणी ऐकेल तर शपथ. आता दुसऱ्या कॉलेजांतही हाच व्हिडिओ दाखवतात म्हणे, गाठ ओळखायला शिकवण्यासाठी. इतक्या वर्षांची अब्रू तुमच्या एका घोटात गेली, भाऊजी!

असो. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. व्हिडिओचं नाव आज सकाळी मी बदललं. पोरांचं बरोबर आहे. गिळताना उजवीकडे काहीतरी वर सरकतं. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, असं मी दरवर्षी शिकवतो, पण तेव्हा समोर तुम्ही नसता. मला भीती वाटतेय. सोमवारी या, सोनोग्राफी करून घेऊ. ताईला एवढ्यात काही बोलू नका, उगाच हाय खाईल.

ता. क. दुसरा. सोमवारी तुम्हाला नेमकं काहीतरी काम निघणार, हे ओळखून ताईला मीच फोन केलाय. हे वाचताना ती तुमच्या शेजारीच उभी असेल. निमूटपणे तिच्याबरोबर निघा आणि बिनकॉलरचा शर्ट घाला.