शेरा : वाळू ठीक

मी, भीमराज रंभाजी भिंगारदिवे, वय पासष्ट, रेल्वेचा निवृत्त नोकर, राहणार केडगाव, अहमदनगर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे ती गोष्ट वेगळी.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी गीताबाईची. तिच्या पश्चात मुलगा सम्राट आणि मुलगी रश्मी यांना निम्मे निम्मे. भांडू नये.

२. निवृत्तीच्या सत्कारात मिळालेले पितळी इंजिन सम्राटने खुशाल मोडीत द्यावे. ते कोळशाचे आहे! मी डिझेलच्या इंजिनावर मालगाडी चालवली. सोळा सिलिंडर, सव्वीसशे अश्वशक्ती, वजन एकशे बारा टन. त्यात डिझेल चाक फिरवत नाही, जनरेटर फिरवते. त्या विजेवर सहा मोटरी सहा अ‍ॅक्सल फिरवतात. सत्काराला आलेल्या एकाही साहेबाला हे ठाऊक नव्हते.

३. काचेच्या बरणीतली वाळू रश्मीला. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला कळेल. चढावर चाके घसरू लागली की इंजिन नळीतून रुळावर वाळू सोडते, मग चाक रूळ धरते. पण वाळू कोरडी हवी. ओली वाळू नळीतच अडकते. १९७८ च्या श्रावणात विसापूरच्या चढावर माझी मालगाडी अडली. मी बटण दाबले, वाळूचा कण पडला नाही. चाके जागच्या जागी गरगरली, रुळांना खळगे पडले. पेटीतली मूठभर ओली वाळू मी रुमालात बांधून आणली. चौकशीत साहेब म्हणाले, नोंदवहीत गाडी सुटण्याआधी इंजिन तपासणाऱ्या फिटरचा शेरा आहे, "वाळू ठीक". म्हणजे दोष माझा! मला मालगाडीवरून उतरवून यार्डात शंटर म्हणून टाकले. अकरा वर्षे डबे मागेपुढे ढकलून निवृत्त झालो. बरणीतली वाळू आता सुकली आहे, म्हणून कुणी तिला ठीक म्हणू नये.

४. तो फिटर म्हणजे गोरक्षनाथ कर्डिले. आमच्या समोरच राहतो. चौकशीआधी मी त्याच्या दारात जाऊन विचारले, "गोरक्ष, खरं सांग, वाळू बघितली हुती का?"

"वहीत लिवलंय त्येच खरं. मला लेकरंबाळं हायेत."

मला काय नव्हती? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याला मी काहीही देत नाही. वकील सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच साक्षीदार घ्यावा. मग गोरक्षइतका लायक दुसरा कोण? त्याला बोलावणे धाडले आहे. मात्र त्याने हे सगळे वाचूनच सही करावी. न बघता सही करायची त्याला सवय आहे.

५. माझ्या फोटोखाली शंटर लिहू नये, मालगाडी चालक लिहावे. माझी चूक नव्हती. मी जिवंत असताना कुणीतरी तसे म्हणावे, एवढीच इच्छा होती.

ठिकाण : केडगाव
दिनांक : ११ ऑगस्ट १९९६
लिहून देणार : भी. रं. भिंगारदिवे

साक्षीदार :
१. नूरमहंमद शेख, त्या गाडीचा गार्ड.
२. गोरक्षनाथ कर्डिले, निवृत्त फिटर. वाळू ओली होती. तेव्हा न बघता सही केली. ही वाचून केली.