पुणं दिसेल म्हणाले होते

१ ऑक्टोबर १९७८, रविवार

ठरलं! टीव्ही घ्यायचा. विषय यांनी काढला, मी नाही – हे लिहून ठेवते, पुढे कुणी माझ्या नावावर खपवायला नको.

हे म्हणाले, "अव्वाचं मन रमेल जरा." खरंय. मामंजी जाऊन पाच महिने झाले आणि तेव्हापासून अव्वा, माझ्या सासूबाई, एक शब्द बोललेल्या नाहीत. जेवता का म्हटलं तर मान हलवतात. डॉक्टर म्हणाले घसा चांगला आहे, मनाला लागलंय. दिवसभर दाराजवळ पाटावर बसून असतात. त्यांच्या त्या बसण्याची मला भीती वाटते. रागावल्या असत्या, भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

पण इथं खोटं कशाला लिहू? टीव्ही म्हटल्यावर मला अव्वांच्या आधी रविवारचा सिनेमा आठवला. पुण्याला ताईकडे बघितलाय मी – घरात मांडी घालून, शेंगा खात! बाळीवेशीत आमच्या बोळात अजून कुणाकडे नाही. झोप कशी लागायची?

२ ऑक्टोबर

गांधी जयंती. दुकानं बंद. तरी नवी पेठेत जाऊन काचेतून बघून आलो. आमच्या लेकीनं, विजूनं, काचेला नाक लावून लावून डाग पाडला.

४ ऑक्टोबर, बुधवार

हे एसटीच्या ऑफिसातून लवकर आले. दोन दुकानं झाली.

पहिलं सात रस्त्याजवळचं. मालक बटणाला हात लावू देईना. "घेणार असाल तर सांगा." म्हणजे न बघता घ्यायचा? मुलगी बघायला गेलं तरी चार प्रश्न विचारतात. मी बाहेर पडले, हे मागून माफी मागत आले. यांना कुणाचीही माफी मागायची सवय आहे.

दुसरं नवी पेठेतलं मोठं. पंखा, खुर्च्या, प्यायला थंड. शेठ कसा गोड बोलतो! चार पायांचा, लाकडी पेटीचा टीव्ही, पुढे सरकती दारं – देवघरासारखी. दारं उघडली तर आत काळी काच आणि काचेत मी. दिवसा कार्यक्रम नसतो म्हणे. "पुणं दिसतंय ना पण, तिथले कार्यक्रम?" मी विचारलं. "वहिनी, परवा आख्खा सिनेमा बघितला की आमी!"

मला तर तिथंच उचलून आणावासा वाटला. किमतीचं यांनी बघावं, चित्राचं मी बघते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज विजापूर वेशीत चांदसाबकडे. मामंजींचा रेडिओ हाच माणूस दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे एक फळी आणि तारांचा ढीग. दोनच टीव्ही, तेही साधे, दारं नाहीत. मला आधीच आवडलं नाही.

पुण्याचं विचारलं तर सरळ म्हणाला, "भाभी, पुणं लई लांब. हितं न्हाई येणार. गुलबर्ग्याला गेल्या साली टीव्ही केंद्र झालंय, तेवढं येतंय. ते बी धुरकट, आणि पाइप उंच पायजे."

"म्हणजे कानडी?"

"व्हय. आजी हायेत की घरात."

इतका राग आला मला! अव्वांना मराठी येतं की. आणि मी काय करू कानडी टीव्ही घेऊन, पूजा? करकंबची मी, माझ्या माहेरी सात पिढ्यांत कुणी कानडी बोललं नाही. हे हळूच म्हणाले, "अव्वाचं माहेर अक्कलकोटकडचं, तिला बरं वाटेल." मी म्हटलं, शेठ एवढा मोठा दुकानदार, तो खोटं बोलेल होय? आणि हा फळीवर बसणारा खरं?

हे चपला घालायला लागले. म्हणजे मी जिंकले.

११ ऑक्टोबर, बुधवार

दसरा. सगळी नवी पेठ खरेदीला लोटली असेल. आम्ही घरात. दुःख होऊन वर्ष झालेलं नाही, सणाच्या दिवशी नवी वस्तू आणायची नाही. शेजारच्या मथुराबाई सकाळीच सांगून गेल्या, "आज आणू नका हं बाई, लोक नावं ठेवतील." आज नाही. उद्या आणते. उद्याला कोण नावं ठेवतो बघू!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आला! आला! आला!

शेठकडूनच. टांग्यातून, चादरीत गुंडाळून. हे एका बाजूला, विजू एका बाजूला, मी मागून चालत. आख्खा बोळ दारात. गच्चीवर वीस फुटी पाइप, वर अँटेना, तोंड पुण्याकडे. टीव्हीला हळदकुंकू लावलं. अव्वांचा पाट उचलून समोर मांडला. आल्या, बसल्या.

संध्याकाळी चोवीस माणसं मोजली मी घरात. बटण फिरवलं. नुसत्या मुंग्या! पांढऱ्या, काळ्या, लाखो मुंग्या आणि खर्र आवाज. अर्धा तास सगळे मुंग्या बघत बसले. मग एकेक जण चप्पल शोधायला लागला.

१३ ऑक्टोबर

मुंग्या. शेठ म्हणतो हवा खराब आहे.

१४ ऑक्टोबर

मुंग्या. शेठ म्हणतो बूस्टर बसवा.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

बूस्टर बसवला. मुंग्या मोठ्या झाल्या. शेठ आता दुकानात सापडत नाही, नोकर म्हणतो गावाला गेलेत. बोळातली पोरं विजूला "मुंगीबाई" म्हणतात. आणि आज अव्वांनी पाट उचलून परत दाराजवळ नेला. स्वतःच्या हातानं. ते बघून मला रडू आलं. यांनी निदान माझ्यावर ओरडायचं तरी!

१९ ऑक्टोबर, गुरुवार

मीच गेले चांदसाबकडे. शरम गिळून गेले. वाटलं होतं टोमणा मारेल. त्यानं पान्हा उचलला, सायकल काढली आणि म्हणाला, "चला."

गच्चीवर चढून त्यानं पाइप फिरवायला घेतला. पुण्याकडे पाठ, अक्कलकोटकडे, म्हणजे गुलबर्ग्याकडे तोंड. मी जिन्यात, विजू टीव्हीपाशी. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "न्हाई!" "आता?" – आणि विजूची किंकाळी.

माणूस! धुक्यात उभा असावा तसा, पण माणूस. मिश्या, टोपी, हातात ज्वारीचं कणीस. चित्र धुरकट, आवाज मात्र खणखणीत. फाडफाड कानडी. मथुराबाई पाच मिनिटं बसल्या, "काय कळतंय ओ ह्यात?" म्हणून गेल्या. मला तरी काय कळत होतं? पण तिथून हलवेना, परात घेऊन तिथंच पीठ मळत बसले.

ज्वारीवाल्यानं काहीतरी विचारलं बहुतेक. दारातून आवाज आला, "हौदु, हौदु."

अव्वा! होय म्हणाल्या त्याला!

मी पोळीचं पीठ हाताला तसंच घेऊन बघत राहिले. हे भिंतीकडे तोंड करून उभे. चांदसाबनं चहासुद्धा घेतला नाही, जाताना एवढंच म्हणाला, "पाइप हलवू नका."

२० ऑक्टोबर

अव्वांनी पाट पुढे आणला. बातम्या देणाऱ्या बाईनं नमस्कार केला तर अव्वांनीही केला, आणि "ऊट आयता?" विचारलं – जेवलीस का. एवढं कानडी मलाही येतं. विजू हसायला लागली, मी तिला चिमटा काढला.

चिमटा काढला खरा, पण मग मला माझंच आठवलं. लग्न झाल्यावर ताई यायची तेव्हा आम्ही दोघी अव्वांच्या मराठीला हसायचो. तोंडावर. त्याही हसायच्या बिचाऱ्या. कानडी बोलायला त्यांना मामंजी होते, तेवढ्यावर भागत असेल. अकरा वर्षांत मला एकदाही सुचलं नाही की शिकावं. लाज वाटते आज.

पण आनंद जास्त आहे. बोलल्या! टीव्हीशी का होईना.

२२ ऑक्टोबर, रविवार

सात वाजता लाइट गेली. टीव्ही विझला. अव्वा बोलायच्या थांबल्या नाहीत. माझ्याकडे वळून बोलायला लागल्या, भरभर, कानडीत. मला फक्त "नीरु, नीरु" कळलं, पाणी. मी तांब्या आणला तर त्यांनी तो ढकलला आणि रडायला लागल्या. हे शेजारी बसून ऐकत होते. मग मला मामंजींबद्दलचं सांगितलं, "आप्पांनी शेवटी पाणी मागितलं. ही आणायला उठली. येईपर्यंत ते गेले. तोंडात थेंब पडला नाही, आपल्यामुळं ते तहानेले गेले म्हणतीय."

पाच महिने. आणि आम्ही मन रमवायला टीव्ही आणला.

लाइट आली तशी विजू बटणाकडे धावली. मी तिला मांडीवर ओढून बसवलं. अव्वांचं सांगणं अजून संपलं नव्हतं.