पुराची रेघ

कोलकाता, मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ

शहराजवळच्या बजबज गावातल्या जुन्या तागाच्या गिरणीत आज मी एक रेघ पुसायला लावली. पुरात आवारातला तलाव फुटून पाणी आत शिरलं होतं. ते कुठवर चढलं, हे आमचे म्हातारे गवंडी सुधीरदा यांनी भिंतीवर गेरूने आखून ठेवलं होतं. माझ्या छातीइतकं उंच.

तलावाचा गाळ काढला, बांध नव्याने घातला, गिरणी उभी राहिली. आता तिथे हॉटेल होणार, म्हणून मालकांना ती रेघ नको. "पाहुण्यांना कशाला घाबरवायचं?" म्हणे. या कामाची आर्किटेक्ट मी; नकाशे माझे, सहीही माझीच. खालच्या खोल्यांची जमीन उंच करू या, असं मी त्यांना एकदा सुचवलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. एकदाच का? पुन्हा बोलायला काय झालं होतं? नोकरीची भीती, दुसरं काय.

सुधीरदांनी स्वतःच चुना फिरवला. पहिल्या हातात रेघ झाकली गेली नाही, दुसरा मारावा लागला. मग कुंचला खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "दीदी, नीचे के कमरों में सोएगा कौन?"

मी म्हटलं, "पहले सूखने तो दीजिए." आणि गाडीत जाऊन बसले.