निकाल माहीत असलेली मॅच

बीड, शुक्रवार

प्रिय विजयसिंह,

आधी 'प्रिय विज्या' लिहिलतं, पण तो कागद फाडला. विज्या लिहिलं की हात ढिला पडतो, आणि मला आज तुझ्यावर मन लावून जळायचं हाय. फोन केला असता तर तू नेहमीसारखा मधीच हसला असतास, मग मीबी हसलो असतो, आणि पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवला असता. कागदावर तुला मधी बोलता येत न्हाई. एवढा एक डाव तरी माझा.

तुझी सुरुवातच पुढून झाली बघ. तुझ्या आईनं, केसरबाई काकूंनी, नाव ठेवतानाच अर्धी मॅच जिंकून ठेवली, नावात विजय आणि वर सिंह. आमच्या अब्बांनी मला इरशाद केलं. मुशायऱ्यात समोरच्यानं शेर म्हणावा म्हणून खाली बसलेले लोक ओरडतात ना, 'इरशाद, इरशाद', ते. म्हणजे बोलणार दुसराच, आपण खाली सतरंजीवर. तरी आठवीत तू शाळेसाठी आमच्या गल्लीत खोली करून राहिलास तेव्हा फुटबॉल माझा होता, हे विसरू नकोस. तुला तर तो पायानं मारतात का हातानं, तेबी माहीत नव्हतं. डाव्या पायानं मारायला मी शिकवलं, भिंतीवर खडूनं गोल काढून. आज माजलगावात तुझ्या शाळेच्या पोरी डाव्या पायानं मारतात तेव्हा लोक म्हणतात, विजयसिंह सरांची शिकवण. मी गॅरेजमधी बसून ऐकतो आणि पाना जरा जास्तच आवळतो. परवा एका बुलेटचा नट त्यापायी तुटला.

तुझ्या मैदानावर हिरवळ हाय. असणारच बाबा, धरणाचं पाणी, तिकडं ऊस हिरवा, मैदान हिरवं आणि माणसंबी हिरवी. माझ्या संघाच्या पोरी सरावाच्या आधी पाटी घेऊन दगड वेचतात. रोज वेचतात आणि रोज सापडतात, जमीन दगड विते का काय कोण जाणे. तुझ्या पोरींचे मोजे एका रंगाचे. माझ्याकडं एकाच पोरीचे दोन मोजे दोन रंगांचे. यावर मी जळलो तर समजण्यासारखं हाय. पण खरी आग दुसरीच. माझी गोलकीपर वनमाला, शिरूर कासारकडची, बीडला मावशीकडं राहून शिकते. दिवाळी झाली की तिचे मायबाप ऊसतोडीला निघतात आणि धाकट्याला सांभाळायला तिलाबी नेतात. आपली जिल्ह्याची स्पर्धा नेमकी थंडीत. गेल्या हिवाळ्यात तू माझ्यावर पाच गोल घातलेस ना, त्या दिवशी माझी गोलकीपर तुमच्याच शिवारात, तुमच्याच उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीपुढं भावाला घेऊन बसलती. तुझा दोष न्हाई. तुला माहीतबी नव्हतं. पण विज्या, माहीत नसणं हीसुद्धा जिंकणाऱ्याचीच चैन असते.

बघ, शेवटी विज्या म्हणलोच.

तुझ्या वडलांची आठवण येते. मोहनरावकाका आपल्याला जत्रेत कुस्त्या बघायला न्यायचे. एवढा मोठा पुढारी माणूस, पण फडात बसला की हलक्या पैलवानाच्या नावानं ओरडायचा. तू एकदा इचारलं होतंस, कावून म्हणून. ते म्हणाले, तिऱ्हाईतानं दुबळ्याच्या बाजूनं बोलावं, बलवानाला बोलायला त्याची माणसं असतातच. तू ते ऐकलंस आणि शेंगदाणे खात बसलास. मी मात्र ते जन्मभराचं धरून ठेवलं. जगाचा कप असू दे की युरोपचा, आपला देश तर त्यात नसतोच. सगळं बीड तिऱ्हाईत. मग मी बारकाल्या देशाचा. बळी तो कान पिळी हे रोज बघतोच, टीव्हीवर तरी उलटं दिसावं.

आमच्या गॅरेजची रीत तुला सांगितली न्हाई कधी. मॅच रात्री उशिरा असते, सकाळी गिऱ्हाईक दारात. म्हणून आम्ही ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावतो, आणि तोवर मोबाईल कुणी बघायचा न्हाई. ज्याच्या तोंडातून निकाल फुटला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. केळीच्या गाड्याचे जलालुद्दीन चाचा तर कानात कापूस घालून येतात, रस्त्यात कुणी सांगू नये म्हणून. गेल्या वर्षी युरोपच्या कपात स्पेन आणि जॉर्जियाची मॅच होती. जॉर्जिया पहिल्यांदाच त्या कपात आलता, आणि स्पेन म्हणजे तर तूच. ज्याला त्याला लोळवत आलता. सगळं गॅरेज जॉर्जियाचं. एकटी आमची पोरगी सहर स्पेनची. पाय पोटाशी घेऊन टायरवर बसलेली, डोळ्याची पापणी न हलवता.

आता तुला एक सांगतो, चाचांना कळू देऊ नकोस. त्या दिवशी पहाटे नमाजहून येताना माझ्यानं राहवलं न्हाई. मोबाईलवर सगळे गोल बघून घेतलते. जॉर्जियाचा पहिला, स्पेनच्याच गड्याच्या अंगाला लागून गेलेला, आणि मग स्पेनचे चार. सगळं माहीत होतं. तरी टीव्हीपुढं बसलो आणि घसा फाटेस्तोवर जॉर्जियासाठी ओरडलो. कोण जाणे, एखाद्या वेळेस या खेपेला उलटं होईल. इतकंच की पहिल्या गोलाला मी बॉल आत जायच्या आधीच उठून नाचलो. सगळे आनंदात होते, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. सहरनं फक्त मान वळवून माझ्याकडं बघितलं.

दुपारी डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, तुमाला माहीत होतं. मी म्हणलं, हो. तिनं इचारलं, मग ओरडत कावून होता. मी मोहनरावकाकांचं वाक्य ऐकवलं, दुबळ्याच्या बाजूनं वगैरे. आमच्या घरात बाकी सगळं आमच्या बोलीत चालतं, पण फुटबॉलचं भांडण मराठीत, कारण ते तुझ्यासोबत सुरू झालं. तर पोरगी डब्याचं झाकण लावता लावता काय म्हणाली ऐक.

"अब्बा, जॉर्जिया उद्या पहिल्या नंबरला आला की तुमी त्याला सोडणार. मग तुमाला त्यो जिंकायला नको हाय, दुबळाच पाहिजे हाय."

पंधरा वर्षांची पोरगी. तिला म्हणलं, डबा धुऊन ठेव. तिचं म्हणणं असं, की स्पेनच्या पोरांनीबी लहानपणापासून बॉल लाथाडलाच असंल ना, मग चांगलं खेळणाऱ्याला चांगलं म्हणायला तिऱ्हाईताची जीभ कावून जड व्हावी. मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो. स्पेननं पुढं तो कप नेला, तेव्हा चाचांनी तिला दोन केळी बक्षीस दिली. मी तीबी खाऊ दिली न्हाईत नीट, म्हणलं साली उचल.

मग हिवाळा आला आणि तुझे ते पाच गोल. आमचा एकच झाला, तो सहरचा. डाव्या पायाचा, लांबून. तुझी गोलकीपर जागची हलली न्हाई. तू मैदानातच टाळी वाजवलीस, तुझ्यावर गोल झाला असून. ती तुझी टाळी मला पाच गोलांपेक्षा जास्त झोंबली. अरे, मनमोकळं होणंबी ज्याचं पोट भरलंय त्यालाच परवडतं. मॅच संपल्यावर तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास,

"इरशाद, ही पोरगी मला दे. तिथं हिचं काय होणार?"

सून मागावी तसं. मी हसलो, म्हणलं चल चहा घेऊ. तू चहा घेतलास, गाडीत बसलास आणि गेलास. त्यानंतर तुझे तीन-चार फोन आले, ईदला काकूंचाबी आला, आणि प्रत्येक वेळी मी गॅरेजचंच बोललो. तू तिला मागितलीस तेव्हा सहर मागंच उभी राहून बूट सोडत होती. तिनं ऐकलं होतं. मला वाटलं आता रडंल, मागं लागंल, आईकडून वशिला लावंल. पोरीनं एकदा इचारलं न्हाई. रोज संध्याकाळी पाटी घेऊन दगड वेचायला सगळ्यात आधी हजर.

इचारलं असतं तर बरं झालं असतं, मी न्हाई म्हणलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्याऐवजी घरात तूच तू. स्पर्धेत तुझ्या पोरींना तू काय सांगत होतास ते तिनं लांबून ऐकून ठेवलेलं. सर म्हणतात बॉल यायच्या आधी मान वळवून बघायचं. सर म्हणतात दमल्यावर कंबरेवर हात ठेवायचा न्हाई. अरे, हे मी शिकवलेलंच तुला! भिंतीपुढं उभं करून शिकवलंय. आता तेच माझ्या घरात तुझ्या नावानं परत येतंय, आणि ते सांगताना पोरीचे डोळे असे चमकतात की माझ्या पोटात दुखायला लागतं. तिच्या आईला, इरमला, हे दिसत होतं. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, पोरगी तुमची हाय, तुमचा संघ न्हाई. मी ताटावरून उठलो. तिनं मला परत बोलावलंबी न्हाई.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. वनमाला गावाहून परत आलीय, संघ पुरा झालाय, मी खुशीत होतो. म्हणलं यंदा विज्याला दाखवतो. कडेला उभा राहून सराव बघत होतो. आणि बघता बघता काहीतरी खटकलं. सहरचा पास. ती पास द्यायची तेव्हा बॉल जमिनीला चिकटून सरकन जायचा, घेणारीला पळायला लागायचं. आता बॉल हळू जात होता. अलगद, समोरच्या पोरीच्या पायात नेऊन ठेवल्यासारखा. मला वाटलं पाय दुखतोय. जवळ बोलावलं, घोटा दाबून बघितला, काही न्हाई. मग इचारलं तर खाली बघत म्हणाली,

"जोरात दिला तर कुणाला मिळत न्हाई, अब्बा."

तक्रार न्हाई, रुसवा न्हाई. भाजीत मीठ कमी टाकलं असं सांगावं तसं सांगितलं आणि पळत परत गेली. विज्या, मी तिथंच त्या दगडांत बसलो. चांगल्या गाडीचं इंजिन कुणी मुद्दाम दाबून चालवलं तर मला आवाजावरून कळतं आणि त्या माणसाचा राग येतो. इथं दाबणारा मीच. माझ्यासोबत राहायचं म्हणून पोरगी रोज थोडी थोडी कमी होत होती, आणि मी बाजूला उभा राहून खुश. तिनं डब्याचं झाकण लावताना म्हणलेलं तेव्हा कळलं. मला दुबळाच पाहिजे होता. जॉर्जियाबी, माझा संघबी, आणि पोरगीसुद्धा.

तरी हे वाचून लगेच मोठा होऊ नकोस. माझा जीव जळतोच हाय. तिला शिकवायचं राहिलेलं सगळं तू शिकवणार, तिचा पुढचा गोल तू जवळून बघणार, आणि पेपरात फोटो आला तर तिच्या शेजारी तुझं टक्कल असणार. यातलं काहीही मला गोड लागत न्हाई. हिवाळ्यात तुझा संघ आमच्यापुढं आला की मी माझ्या बाकावरच बसणार, वनमालाच्या नावानं ओरडणार. आणि यंदा वनमाला माझ्या गोलात पाहिजे. तिच्या बापाशी तू बोल, तुमच्याच फडात येतात ते, मोहनरावांच्या मुलाचं ऐकतील. धाकट्याला सांभाळायची सोय तू लाव. बलवान हाईस ना, मग एवढं कर. पाच गोल घालायचे तर पुऱ्या संघावर घाल.

आता कागदावरून डोळे काढ आणि समोर बघ. हे पाकीट तुझ्या हातात देणारी पोरगी अजून दारातच उभी असंल, खांद्यावर निळी पिशवी, तुझ्या तोंडाकडं बघत. पत्रात काय हाय ते तिला माहीत न्हाई. तिला एवढंच सांगितलंय, की सर ठेवून घेतील तर राहा. उद्या सकाळी एसटीत मीच बसवून देणार हाय. गाडी हलली की हसत हात करीन. गेल्या वर्षापासून निकाल मला माहीत होता, तरी ओरडत बसलो, सवय. काकूंना सांग, ती वांगं खात न्हाई पण वाढलं तर बोलणार न्हाई. डावा घोटा दुखला तर लपवते, चालण्यावरून ओळख. रमजानात दुपारी पळवू नकोस. आधी तिला पाणी दे, लांबून आलीय. आणि विज्या, तिला हळू खेळू देऊ नकोस.

अजूनबी जळणारा, पण तुझाच,
इरशाद