तीन कोण म्हणालं?

९ मार्च, सोमवार

दादा,

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघंही बरे आहोत. बाबांचा रक्तदाब ठीक, भूक ठीक, संध्याकाळी पाय सुजतात ते सुजतातच. मी कामावर जाते, घरी येते. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पुढचं जे काय लिहायची पद्धत असते ते सगळं लिहिलंय असं समज. वर 'प्रिय' नाही ते मात्र चुकून राहिलेलं नाही.

आता तू विचारलंयस त्याचं उत्तर. नाही.

बावीस तारखेला, रविवारी, सकाळी आठ वाजता बाबांना तयार ठेव, मी गाडी घेऊन येतो, किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश फिरवतो आणि अंधार पडायच्या आत आणून सोडतो, असं लिहिलंयस. काय थाट आहे! जसं काही मी त्यांना घडी घालून कपाटात ठेवलंय आणि तू फक्त पावती दाखवून न्यायचंस. सव्वीस वर्षांत या दारात तू एकदा आलास, आई गेली तेव्हा. तासभर जिन्यात उभा राहिलास, आत आला नाहीस, चप्पलसुद्धा काढली नाहीस. आणि आता एकदम सहल!

धाकटीने तुला डॉक्टरांचं बोलणं कळवलं असणार, दुसरं कोण कळवणार. पुढच्या वर्षीपर्यंत बाबा कुणालाच ओळखणार नाहीत असं ते म्हणाले, हे खरं आहे. तुला त्याआधी त्यांच्याशी बोलायचंय, तेही मला कळतं, मी दूधखुळी नाही. पण इथली परिस्थिती ऐक. नवीन काही सांगितलं तर बाबांच्या डोक्यात ते अर्धा तास टिकतं, फार तर चाळीस मिनिटं. जेवून उठले की विचारतात, आज जेवायचं नाही का. जुनं मात्र सगळं जागच्या जागी आहे. तुला ते विसरतील म्हणून तू घाबरलायस ना? ते तुला विसरलेले नाहीत. तेच तर दुखणं आहे. तुझं पत्र आलंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "त्याला आत घेऊ नकोस." अगदी त्या वेळच्या आवाजात.

मग कुणाला फिरवणार आहेस तू?

आणि 'बाबांनी आपल्याला जे सोन्याचे रविवार दिले त्यातला एक मला परत करायचा आहे' हे वाक्य तू कुठून उचललंस रे? मला खरंच हसू आलं. सोन्याचे! लाँड्रीची व्हॅन होती ती. आठवडाभर हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी वाहायची आणि रविवारी मालकाच्या मेहरबानीने आपल्याला. मागे खिडकी नाही. फिनेलचा आणि खळीचा वास. तू, मी आणि धाकटी चादरींच्या गाठोड्यांवर बसायचो आणि दर वळणाला एकमेकांच्या अंगावर पडायचो. किनाऱ्याच्या रस्त्याला वळणं किती, ते तू विसरलास वाटतं. मी नाही विसरले, कारण ओकायची मी. समुद्र दिसायचा तो पुढे बसलेल्या आईला आणि बाबांना. आपल्याला दार उघडल्यावर.

बाबांना मागचं काही दिसायचं नाही, म्हणून ते आकडे. निघताना ते मधल्या पत्र्यावर दोनदा ठोकायचे. तू ओरडायचास "एक", मी "दोन", धाकटी "तीन". तिन्ही आकडे आल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. आई शेजाऱ्यांना केवढ्या कौतुकाने सांगायची हे! आमची मुलं मोजून नेतो, मोजून आणतो.

आणि दार लावायचं काम तुझं होतं. तू सोळा वर्षांचा घोडा होतास. कडी घालण्याआधी मागे वळून बघायला काय झालं होतं? एवढं एकच काम होतं तुझ्याकडे.

आता हे पुरे. बाबांची अंघोळ राहिली आहे.


११ मार्च, बुधवार

पत्र टाकलेलं नाही. काल पेटीपर्यंत जाऊन परत आले. पाकीट नीट चिकटलं नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं.

आज कामावर एका बाईची कवळी तिसऱ्यांदा परत आली. चावताना टोचते म्हणे. मी दिवसभर लोकांचे दात बनवते म्हणून माझीही जीभ अशी चावरी झालीय, असं आमचे प्रयोगशाळेवाले म्हणतात. तुला पटेल.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तुझा बेत तिला माहीत होताच. "जाऊ दे ना गं त्यांना," म्हणाली, "तू कशाला आडवी येतेस?" मी तिला म्हटलं, तुला काय, तू हजारो मैलांवर बसून माया पाठवतेस. तर ती हसायलाच लागली. तिचं एक कळत नाही मला. ज्या दिवसाने या घराची राखरांगोळी केली, तो तिच्या लेखी लहानपणातला सगळ्यात मजेचा दिवस! आठ वर्षांची पोर, किनाऱ्यावर सोडून आई-बाप निघून गेले, आणि ही काय सांगते? तर छत्र्या भाड्याने देणाऱ्या बाईने तिला गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर बसवलं, दोन आइसकांड्या दिल्या, आणि मिटलेल्या छत्र्या मोजायला लावल्या. ती हे पार्ट्यांमध्ये सांगते म्हणे. लोक पोट धरून हसतात.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पण ताई, एक मला कधी कळलंच नाही. दादाला माझा आवाज काढता कुठे यायचा? त्याचा तर तेव्हा बेडूक झाला होता."

सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, तिच्या मनात कधीच काही नसतं. पुढे तिने तिकडचा पाऊस, मुलाची परीक्षा, काय काय सांगितलं. मी हो हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले.

तुझा आवाज फुटला होता, दादा. 'एक' म्हणालास तरी आम्ही दोघी खिदळायचो. सगळ्यांचे आवाज काढायचे ते मी. शाळेतल्या बाईंचा, लाँड्रीच्या मालकाचा, आईचा, धाकटीचा तर असा की आईसुद्धा फसायची. धाकटी गाठोड्यावर झोपली असली की 'तीन' मीच म्हणायचे. कुणाला काही वावगं वाटायचं नाही, हसायचेच सगळे. एवढं सगळं सगळ्यांना माहीत होतं आणि त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी लिहून टाकते. नाहीतर पुन्हा पाकीट चिकटत नाही म्हणेन.

धाकटी झोपलेली नव्हती. ती गाडीत नाही हे मला माहीत होतं. मी दारातून तिला बघितलं होतं, छत्रीवाल्या बाईची बादली परत करायला ती वाळूतून रमतगमत चालली होती. दर रविवारी तिचं हेच. सगळे गाडीत बसून घामाने निथळतायत आणि बाईसाहेब शिंपले वेचतायत. बाबा तिला हसायचे, आणि मी एक मिनिट उशिरा आले तर माझ्यावर खेकसायचे. मला वाटलं, गाडी दहा पावलं जाईल, ही रडत मागे धावेल, दार बडवेल, चांगली जिरेल हिची. बाबांनी ठोकलं. तू एक म्हणालास, मी दोन म्हणाले, आणि मग मी तीन म्हणाले.

गाडी दहा पावलं गेली आणि वळली आणि मोठ्या रस्त्याला लागली. कुणी दार बडवलं नाही. मागे मिट्ट काळोख. तू विचारलंस, "धाकटी कुठंय गं?" मी म्हटलं, "पुढे, आईच्या मांडीवर." तेही अधूनमधून व्हायचंच, म्हणून तू डोळे मिटून घेतलेस. सव्वा तास लागतो तिथून घरी यायला. सव्वा तास मी तोंड उघडलं नाही. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता फार उशीर झाला, आता सांगितलं तर जास्त मारतील.

पुढचं तुला माहीत आहे, पण मीही लिहिणार. घरापाशी बाबांनी दार उघडलं आणि आपण दोघंच उतरलो. आई मागून आली, तिच्याबरोबर कुणी नव्हतं. बाबांच्या हातात दाराचा लोखंडी अडसर होता. त्यांनी विचारलं, "तीन कोण म्हणालं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. आणि तू त्या बेडकाच्या आवाजात म्हणालास, "मी."

कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं रे शहाणपणा करायला? दोन थपडा बसल्या असत्या मला आणि विषय संपला असता. बाबा माझ्यावर अडसर उगारणार नव्हते, मी अकरा वर्षांची होते. तू मोठेपणा करायला गेलास आणि हात मोडून घेतलास. बाबा आणि आई गाडी घेऊन धाकटीला आणायला परत गेले, आणि तीन तास घरात आपण दोघंच होतो. तू जिन्याच्या खालच्या पायरीवर डावा हात उजव्या हातात धरून बसला होतास. तू मला एक शब्द बोलला नाहीस. आणि मी तुला पाणीसुद्धा दिलं नाही.

महिन्याभरात बाबांनी तुला आत्याकडे धाडलं. माझ्या नजरेसमोर नको, म्हणाले. तू प्लास्टर घातलेल्या हाताने पिशवी उचललीस, तेव्हाही मी खिडकीतून बघत होते.

मला तुझा राग येतो. अजून येतो, आत्ता हे लिहितानाही येतोय. तू एकदा तरी भांडायचंस, एकदा तरी पत्रात लिहायचंस की तू केलंस, तू. लोक मला म्हणतात, काय सेवा करते मुलगी बापाची, लग्नसुद्धा केलं नाही. मी मान डोलावते. तू गप्प बसून मला या घरात कोंडून ठेवलंस, आणि वर सोन्याचे रविवार लिहितोस.


१३ मार्च, शुक्रवार

बाबांना सांगितलं.

काल सकाळी, दाढी करताना. गालांना फेस लावून झाला होता, गळ्यात टॉवेल होता, म्हणजे मध्येच उठून जायची सोय नव्हती. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तीन मी म्हणाले होते. दादा नाही." त्यांनी मला नीट, पूर्ण सांगू दिलं. त्यांना सगळं समजलं, तो दिवस त्यांच्याजवळ अख्खा आहे. मग ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "मग मी त्याला कशाला मारलं?"

त्यांचे डोळे भरून आले, ओघळ फेसात उतरले, मी पुसले आणि तसाच पुढचा गाल केला.

सुटले असं वाटलं मला. दादा, खरं सांगते, पंधरा-वीस मिनिटं मला कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. मग त्यांनी चहा मागितला, चहा झाला, आणि टेबलावरचं तुझं पत्र बघून ते म्हणाले, "त्याला आत घेऊ नकोस हं."

म्हणून दुपारी पुन्हा सांगितलं. आज सकाळी पुन्हा. आता थोड्या वेळापूर्वी चौथ्यांदा. त्यांना दर वेळी पहिल्यांदाच कळतं. तोच चेहरा, तोच प्रश्न, "मग मी त्याला कशाला मारलं?" आणि मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, बादलीपासून. आज मात्र प्रश्नानंतर ते म्हणाले, "डावा ना? हात?" मी म्हटलं, "हो, डावा."

कामावरून सुट्टी घेतली आहे. प्रयोगशाळेवाले कुरकुरले, कुरकुरू देत.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच 'जाऊ दे गं' म्हणशील आणि मला पुन्हा तुझा राग येईल. मी तुमच्याबरोबर येणारही नाही. बाबांना पुढे बसव, पट्टा लाव, ते काढतात. दोन गोळ्या पाकिटात घालून त्यांच्या खिशात ठेवते, जेवणानंतर दे. वाटेत ते पुन्हा जुनं बोलायला लागले, तर तूच त्यांना सांगायचंस, मीच म्हणाले म्हणून. माझं नाव घेऊन सांग. आता मला वाचवलंस तर बघ.

बावीसला आठ वाजता ये. आत ये, चप्पल काढ. साडेसातला मी त्यांना परत एकदा सगळं सांगून ठेवेन. अर्धा तास राहतं त्यांच्या लक्षात. दादा, त्या अर्ध्या तासात पोच.

तुझी बहीण